समुद्रकाठाने पायी

पासपोर्टच्या अर्जात परदेशी जाण्याचे कारण विचारलेले असते. त्या रकान्यात मी 'समुद्रकाठाने पायी चालणे' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून भवानी पेठेतल्या आमच्या घरासमोर एक अनोळखी माणूस कट्ट्यावर येऊन बसू लागला.

मी काही खोटे लिहिले नव्हते. मला खरोखरच इटलीच्या समुद्रकाठाने पायी चालायचे होते. पण दिवस वाईट होते. तीन वर्षांपूर्वी काही मंडळी अशीच समुद्राकडे पायी गेली होती आणि तिथे त्यांनी मूठभर मीठ उचलल्यामुळे सरकारची झोप उडाली होती. त्यातून आमचे सोलापूर! त्याच उन्हाळ्यात या गावाने मार्शल लॉ पाहिला होता. तेव्हा सोलापूरचा माणूस, समुद्र आणि पायी, हे तीन शब्द एका ओळीत वाचून कचेरीतल्या साहेबाला घाम फुटला यात नवल नाही. पण मी पडलो भूगोलाचा मास्तर. समुद्र म्हटला की मला भरती, ओहोटी आणि भूशिर एवढेच आठवते.

साहेबाने मला बोलावून घेतले. साहेब आपलाच होता, पण खुर्चीत बसल्यावर तसे दिसत नव्हते.

"चालून काय करणार?" त्याने विचारले.

"चालणार."

"ते कळलं. चालून झाल्यावर?"

"थांबणार."

"तिथं लोक जमणार आहेत?"

"कोळी असतील. पण ते माझ्यासाठी जमणार नाहीत, तिथं राहतातच."

साहेब पुढे वाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मीठ?"

"समुद्रात असणारच, साहेब. त्याला माझा इलाज नाही."

हे उत्तर मी अगदी सरळ मनाने दिले होते. साहेबाने ते सरळ मनाने घेतले नाही. तो म्हणाला, "हे बघा मंद्रूपकर, 'हवापालट' असं लिहा. उद्या पासपोर्ट घेऊन जा."

आता, हवापालट करायला मी काही आजारी नव्हतो. बावीस वर्षे मुलांना 'प्रश्नात विचारले आहे तेवढेच लिहा, आणि खरे लिहा' असे बजावणाऱ्या माणसाने सरकारी कागदावर हवापालट लिहावे? मी म्हणालो, "कारण विचारलंत, कारण सांगितलं. शब्द बदलणार नाही." आणि घरी आलो. अर्ज माझ्या मागोमाग परत आला. मी तो पुन्हा भरला. तसाच. असे तीन वेळा झाले.

इटलीचे हे खूळ आले कुठून, असे तुम्ही विचाराल. त्याला कारण आमचे बॅरिस्टर वेणीमाधव. हे गृहस्थ युरोप पाहून आले आणि वाचनालयात त्यांचे व्याख्यान झाले. मी पुढच्या रांगेत होतो. बोलता बोलता ते म्हणाले, "जिनोआच्या खाली किनाऱ्यावर पाच गावं आहेत म्हणतात. पण तिथं जाण्यात अर्थ नाही. गाडी सगळी बोगद्यांतून जाते. दिसत काही नाही, आणि पायवाट तर नाहीच."

पायवाट नाहीच! त्या पायवाटेवरून मी वर्गच्या वर्ग नेले होते. शाळेच्या कपाटात एक जुने, वाळवी लागलेले इंग्रजी प्रवासाचे पुस्तक होते. त्यावरून मी स्वतःच्या हाताने त्या किनाऱ्याचा नकाशा काढला होता. इटलीचा धडा आला की तो नकाशा भिंतीवर टांगायचा आणि छडीच्या टोकाने मुलांना सान तेल्मोहून रोकामारे, रोकामारेहून व्हिल्लानेरा असे डोंगरावरून चालवत न्यायचे, हा माझा वर्षातला सर्वांत आवडता तास. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पायवाट आहे."

"आपण पाहिलीत?" बॅरिस्टरांनी विचारले.

सभा हसली. मी रेल्वेने पुण्यापलीकडे फारसा गेलेलो नाही हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"पाहून येतो," मी म्हणालो आणि चप्पल शोधू लागलो. गर्दीत चप्पल लवकर सापडली नाही, त्यामुळे या वाक्याचा परिणाम थोडा कमी झाला. पण वाक्य तोंडातून गेले होते. मी नुकताच निवृत्त झालो होतो, हातात वेळ होता, आणि अपमान ताजा होता.

घरी गोदावरीला सांगितले. ती शेंगांची चटणी कुटत होती. कुटणे न थांबवता म्हणाली, "मी येणार."

"तू कशाला? तिथं डोंगर आहेत."

"तुम्हाला मंगळवार पेठेतून घरी यायला वाट सापडत नाही. तीनदा मीच शोधून आणलंय."

दोनदा. पण त्यावर वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. आमच्याकडे शेळीचे दूध घालायला मायाक्का येत असे. धनगराची बाई, पायात वहाण नाही, आणि रोज दोन कोस चालून सोलापुरात यायची. तिला माझे कौतुक वाटेल अशी माझी कल्पना होती.

"समिंदराच्या कडंनं नुसतं चालायला जायाचं?" ती म्हणाली. "मागं मेंढरं न्हाईत?"

"नाहीत."

"मग कशापाई चालायचं ओ?" थोडा विचार करून तिने मला धीर दिला, "जावा बापडं. पर पायाची सवं करून जावा. तुमी लई बसून काढलंय."

हे मात्र मला पटले. सवयीसाठी मी मंद्रूपपर्यंत पायी जायचे ठरवले. सात कोसांची वाट, बाजाराचा दिवस. पहाटे आम्ही निघालो. पाठीवर डोंगराचा सराव म्हणून मी पाच शेर ज्वारी बांधून घेतली होती. गोदावरीने भाकऱ्या घेतल्या होत्या. आणि शंभर पावले मागून तो कट्ट्यावरचा माणूस येत होता.

त्याची सोंग घेण्याची पद्धत अशी होती की आम्ही थांबलो की तो वाकून चपलेचा अंगठा पाहायचा. पहिल्या कोसात ते सोंग होते. चौथ्या कोसात तो खरोखरच अंगठा पाहू लागला. पाचव्या कोसात आम्ही एका लिंबाखाली बसलो, तर तो बिचारा लंगडत लंगडत आला, आमच्यावरून पुढे गेला, दहा पावलांवर थांबला आणि परत फिरला.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा दमानं चाला की. माझ्या पायाला फोडं आल्यात."

"आपण कोण?" मी विचारले. वास्तविक मला माहीत होते, पण पद्धत म्हणून विचारले.

त्याने इकडे तिकडे पाहिले. माळावर एक कावळा होता. "कुनाला सांगू नगा," तो म्हणाला. "मी बिरप्पा. तुमच्यावर पाळत ठेवायला हाय."

"ठाऊक आहे हो," गोदावरी म्हणाली. "पंधरा दिवस समोर बसताय. आधी बसा आणि भाकरी खा."

बिरप्पाने भाकरी खाल्ली. गोदावरीने त्याच्या फोडांना तेल लावायला दिले. मग त्याने वही काढली आणि अडचणीत सापडल्यासारखा मला म्हणाला, "मास्तर, साहेबांनी लिवून आनायला सांगितलंय, तुमी काय करता ते. मी रोज लिवतो, मास्तर घरात हायेत. आज काय लिवू?"

"खरं लिही," मी म्हणालो.

मी शुद्धलेखन सांगितले आणि त्याने लिहिले. 'सदर इसम चालतो. त्याचेसोबत त्याची पत्नी चालते, ती जास्त वेगाने. बाजारात दोन पेरू घेतले. मीठ घेतले नाही.' पेरू अजून घेतले नव्हते, ते आम्ही अहवाल खोटा पडू नये म्हणून मंद्रूपला मुद्दाम घेतले. दुसऱ्या दिवशी परत येताना बिरप्पा बैलगाडीत बसला आणि आम्ही मागून चालत आलो. पाळत ठेवणारा पुढे आणि ज्याच्यावर पाळत तो मागे, असा प्रकार जिल्ह्यात पूर्वी झाला नसावा.

त्या अहवालाने काम केले. चौथा अर्ज मंजूर झाला. 'पायी' हा शब्द मी खोडला नव्हता, हे इथे नमूद करून ठेवतो.

आगबोटीचे दिवस मी गाळतो. समुद्राविषयी बावीस वर्षे शिकवलेला माणूस समुद्रावर पहिल्या तासापासून आडवा पडतो, यात सांगण्यासारखे काय आहे? गोदावरी मात्र डेकवर बसून लसूण सोलत असे.

जिनोआला उतरून आम्ही गाडी धरली. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बॅरिस्टरांचे अर्धे बरोबर होते. बोगदा, मग एक क्षणभर निळा समुद्र, पुन्हा बोगदा. मी खिडकीतून डोके बाहेर काढावे आणि समुद्र संपावा. आत घ्यावे आणि समुद्र यावा. अशा रीतीने अर्धा तास मी समुद्र सोडून बाकी सगळे पाहिले. सान तेल्मोला गाडी थांबली तेव्हा तिचे पुढचे डबे उजेडात होते आणि आमचा डबा बोगद्यात होता. स्टेशन लहान आणि गाडी लांब. आम्ही धुरात, अंधारात, चाचपडत उतरलो. बोगद्याची भिंत धरून उजेडात आलो तेव्हा स्टेशनवरच्या लोकांना आम्ही डोंगराच्या पोटातून निघालो असेच वाटले असणार. माझे धोतर काळे झाले होते. गोदावरीच्या तोंडावर फक्त कुंकू ओळखू येत होते.

पण गावाच्या मागे, द्राक्षांच्या बांधांमधून, दगडी पायऱ्या वर चढत होत्या. आणि त्या पायऱ्या जिथे संपत होत्या तिथून एक वाट, हातभर रुंद, समुद्राच्या वरून डोंगराच्या कडेकडेने गेली होती.

"आहे!" मी ओरडलो. "गोदे, पायवाट आहे!"

समोरून एक म्हातारा खेचर घेऊन येत होता. मी त्याचा हात धरून हलवला. तो काही समजला नाही, पण त्याने टोपी काढली. आयुष्यात माझे म्हणणे कुणी इतक्या आदराने मान्य केले नव्हते.

ही वाट नेमकी किती कठीण होती ते मी सांगणार नाही, कारण मी कुठेही थांबलो नाही. श्वास घ्यायला थांबलो, गुडघ्यासाठी थांबलो, चष्मा पुसायला थांबलो, पण थांबायचे म्हणून थांबलो नाही. गोदावरी कासोटा घट्ट करून पुढे चालली होती. द्राक्षमळ्यातल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन उतरत होत्या. त्या हिच्याकडे पाहून थांबल्या, ही त्यांच्याकडे पाहून थांबली. मी मागून पोचेपर्यंत त्यांचे बोलणे रंगात आले होते. ही मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत. मी दुभाषा म्हणून इंग्रजीत मध्ये बोललो, तर दोन्हीकडच्या बायांनी मला हाताने गप्प बसवले.

त्यातल्या एकीने फडक्यातून पिवळसर, भाजलेला एक पातळ तुकडा काढून हिला दिला. मासळी असेल या भीतीने मी "नको, नको" म्हणतो आहे तोवर हिने वास घेतला आणि तोंडात टाकला.

"अहो, हे तर हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. जिनोआपासून आम्ही कोरड्या पावावर होतो. तिने लगेच बोचक्यातून शेंगांची चटणी काढली आणि त्या बाईच्या तळहातावर ठेवली. त्या बाईने चाटली, खोकली, छातीवर हात मारला आणि पुन्हा तळहात पुढे केला.

दोन तासांनी आम्ही दुसऱ्या गावात उतरलो. डोंगराच्या टोकावर चिकटलेली उंच उंच घरे, खाली खोल समुद्र, आणि तळाशी स्टेशन.

"हे रोकामारे," मी सांगितले. "प्राचीन बंदर. इथं होड्या वाळूवर ओढून ठेवतात."

"होड्या कुठायत?" गोदावरीने विचारले.

होड्या नव्हत्या. वाळूही नव्हती. स्टेशनावर गेलो तर पाटीवर लिहिले होते, 'व्हिल्लानेरा'.

मी गोंधळलो नाही. सोलापूरच्या माणसाला रेल्वेच्या पाट्या नव्या नाहीत. अक्कलकोट रोड स्टेशनवर उतरलेला माणूस अक्कलकोटात असतो का? गाव कुठे आणि स्टेशन कुठे. तसेच हे 'व्हिल्लानेरा रोड' असणार, असे मी गोदावरीला समजावले. स्टेशनमास्तर बाहेर आला. मी जमिनीकडे बोट दाखवून म्हणालो, "रोकामारे." तो म्हणाला, "व्हिल्लानेरा." मी पुन्हा म्हणालो. त्यानेही पुन्हा म्हटले. असे सहा वेळा झाल्यावर मी त्याला सोडून दिला. माणूस जिथे नोकरी करतो त्या जागेचा भूगोल त्याला क्वचितच ठाऊक असतो.

मग मी एका कठड्यावर बसलो, पिशवीतून माझा तो नकाशा काढला आणि चाललेल्या वाटेवर लाल शाई भरू लागलो. तेवढ्यात माझ्या कागदावर एक सावली पडली. सावलीच्या डोक्यावर होडीसारखी टोपी होती.

तो तिथला फौजदार. मिशा भरघोस, तलवार लांब. त्याने नकाशा पाहिला, समुद्र पाहिला, मला पाहिले, आणि आम्हा दोघांना चौकीत नेऊन बसवले. त्याला इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्याने गावच्या शाळेतल्या बाईंना बोलावणे पाठवले. बाई तिशीच्या होत्या, बोटांना खडू लागलेला. माझ्याच पेशातली व्यक्ती पाहून मला धीर आला.

"फौजदार म्हणतात," बाई इंग्रजीत म्हणाल्या, "इथून स्पेझियाचं आरमार जवळ आहे. किनाऱ्याचा नकाशा काढणारा परका माणूस हेर असतो. तुमच्या पासपोर्टवर इंग्रजांच्या राजाचा शिक्का आहे. तुम्ही इंग्रजांचे हेर आहात काय?"

मी खुर्चीवरून उठलोच. अपमान मी पुष्कळ सोसले आहेत, पण हा! "इंग्रजांचा हेर? मी? सोलापूरचा? त्यांना सांगा, ज्या सरकारचा मला हेर म्हणता, त्याच सरकारनं माझ्या घरासमोर पोलीस बसवला होता!"

फौजदाराला हे सांगितल्यावर तो आणखी गंभीर झाला. "पोलीस कशासाठी?"

"मी चालणार होतो म्हणून."

फौजदाराने हळूच काहीतरी विचारले. बाई म्हणाल्या, "ते विचारतात, तुमच्या देशात चालायला मनाई आहे का?"

"माणसावर अवलंबून आहे," मी म्हणालो. "आणि गावावर."

"काय म्हणतायत?" गोदावरीने विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, हेर इतका धापा टाकत येतो का?" हे मी भाषांतर करून सांगितले नाही.

फौजदाराने नकाशा टेबलावर पसरला. बाई त्यावर वाकल्या. त्यांनी एकदा पाहिले, पुन्हा पाहिले, आणि तोंडावर हात धरून हसू लागल्या. फौजदाराला त्यांनी काही दाखवले. तोही पाहू लागला. त्याच्या मिशा हलल्या. मग तो खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसला आणि दाराकडे हात करून काहीतरी म्हणाला.

"तुम्ही जाऊ शकता," बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, असा नकाशा घेऊन जे आरमार येईल ते खडकावर आपटेल. तुम्ही हेर नाही."

"म्हणजे?"

"नकाशा चुकीचा आहे. दोन गावं उलटी टाकली आहेत. हे व्हिल्लानेरा. रोकामारे याच्या पुढं."

आता समजूतदार माणसाने काय केले असते? नमस्कार करून बाहेर पडला असता. पण एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा नकाशा चुकीचा म्हणावा, तेही परक्या पोलिसासमोर?

"नकाशा बरोबर आहे," मी म्हणालो.

बाईंनी हसू आवरले. "बरोबर असेल तर तुम्ही हेर ठरता."

"ठरतो. पण नकाशा बरोबर आहे."

"अहो!" गोदावरीने माझा सदरा ओढला. "काय चाललंय? चुकला म्हणा आणि चला!"

"बावीस वर्षं शिकवलाय मी हा!"

"मग बावीस वर्षं चुकला म्हणा!"

फौजदाराचे हसणे थांबले होते. तो पुन्हा सरळ बसला आणि त्याने दौत जवळ ओढली. बाई मात्र उठल्या, माझ्या दंडाला धरले, आणि एखाद्या अडलेल्या विद्यार्थ्याला न्यावे तसे मला चौकीमागच्या गच्चीवर घेऊन गेल्या. तिथून पुढचा सगळा किनारा दिसत होता. डोंगराच्या पुढच्या वळणाखाली एक लहानसे बंदर होते. अर्धचंद्राकार वाळू. आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, निळ्या आणि तांबड्या.

"रोकामारे," बाई म्हणाल्या.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. मी शिकवले होते तसेच होते ते. वाळू तशीच, होड्या तशाच. फक्त जागा चुकली होती. मला एकेक वर्ग आठवू लागला. त्यातल्या एकाने परीक्षेत ही दोन गावे उलट्या क्रमाने लिहिली होती, म्हणजे बरोबर लिहिली होती. त्याचे मी दोन गुण कापले होते आणि वर 'लक्ष कुठे होते?' असा शेरा मारला होता. त्या पोराचे नावही आता आठवेना.

मी आत आलो. टेबलावर माझा नकाशा तसाच होता. मी खिशातून शिसपेन्सिल आणि रबर काढले.

"आता काय करताय?" गोदावरीने घाबरून विचारले.

"दुरुस्ती."

चुकीचा नकाशा मला एक क्षणही पाहवत नाही, मग तो कुणाचाही असो. मी 'रोकामारे' खोडून पुढे लिहिले, 'व्हिल्लानेरा' मागे आणले, मघाशी गच्चीवरून दिसलेले वळण जागेवर घातले, आणि वाटेचा चढ जिथे खरोखर आहे तिथे दाखवला. तो चढ आता माझ्या गुडघ्याला चांगलाच ठाऊक होता. बाई जवळ येऊन पाहत होत्या. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवले, तिथला ओढा मी घातला. काम संपले तेव्हा बाई फौजदाराला हळूच काहीतरी म्हणाल्या आणि मग मला इंग्रजीत सांगितले, "मी त्यांना म्हटलं, आता बरोबर आहे."

फौजदाराने खेदाने मान हलवली, नकाशाची घडी केली आणि आपल्या कपाटात ठेवली.

"बरोबर नकाशा परक्या माणसाजवळ राहू देता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटले होते. "तुम्ही जा. नकाशा जप्त."

गोदावरी उठली. मी बसून राहिलो.

"पावती," मी म्हणालो.

"काय?"

"सरकारी माणसानं वस्तू घेतली की पावती देतात. आमच्या मार्शल लॉमध्येसुद्धा लोकांनी पावती मागितली असेल. मीही मागतो."

फौजदार कुरकुरला, पण लिहू लागला. बाईंनी वाचून दाखवले, 'एक कागद.'

"कागद नाही," मी म्हणालो. "नकाशा."

त्याने खोडून नकाशा लिहिले.

"कसला नकाशा?"

'किनाऱ्याचा नकाशा.'

"आणि अचूक."

बाईंनी भाषांतर करताच फौजदाराने लेखणी खाली ठेवली. अचूक वगैरे पावतीत लिहीत नाहीत, असे त्याचे म्हणणे.

"मग त्यांना विचारा," मी म्हणालो, "अचूक नसेल तर जप्त कशासाठी करता? चुकीचा नकाशा तर आत्ताच परत देत होता. अचूक नसेल तर परत द्या. जप्त करायचा असेल तर अचूक म्हणून लिहा."

बाईंनी हे सगळे अत्यंत आनंदाने, हातवारे करून सांगितले. शेवटी फौजदाराने लेखणी उचलली, तो एक शब्द लिहिला, मी सांगितल्यावर त्याखाली रेघ ओढली, आणि सही करून गोल शिक्का मारला.

बाहेर ऊन कलले होते. पाऊण तासाने गाडी होती. फौजदाराने स्टेशनाकडे बोट दाखवले. मी पायऱ्यांकडे दाखवले. त्याने खांदे उडवले. बाईंनी गोदावरीशी हात मिळवला आणि शाळेकडे गेल्या.

"नकाशा तर गेला," गोदावरी म्हणाली. "आता वाट कशी कळणार?"

"समुद्र उजव्या हाताला ठेवायचा."

"हे माझ्याच्यानं होईल," ती म्हणाली आणि पुढे झाली.

माझे गुडघे त्या वाटेवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तरी आम्ही चढलो, उतरलो, ओढा ओलांडला. तो मी घातला होता तिथेच होता. उतारावर वास आला, जाळ्यांचा आणि डांबराचा, आणि मग वाळू लागली. होड्यांच्या बुडांना डांबर फासत बसलेल्या माणसांनी आमच्याकडे पाहिले. गोदावरी चालत थेट स्टेशनच्या पाटीसमोर जाऊन उभी राहिली. तिला रोमन लिपी येत नाही.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

"रोकामारे."

"कितवं गाव?"

होडीवाले हात थांबवून बघत होते. मी चष्मा नीट केला, छाती पुढे काढली.

"तिसरं!" मी म्हणालो, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावे अशा आवाजात.